ब्रेकपॅड बसता बसेना! (रविवार, सोसायटीचं पार्किंग आणि मी)

चौथा_गिअर | रविवार, दुपारी १२:४०

मंडळी, हात काळे आहेत, फोनवर काळे ठसे उमटलेत, त्यामुळे शुद्धलेखनाचं माफ करा.

गाडी छोटी हॅचबॅक, २०१२ ची, ९४,००० किमी. पुढे डिस्क, मागे ड्रम. दोन आठवडे ब्रेक दाबला की पुढून 'चींsss'. पॅड संपलेत हे कळण्याइतकी अक्कल आहे. आमचे मिस्त्री म्हणाले, मंगळवारी आणा. पण उद्या सकाळी मावसबहिणीचा साखरपुडा, साताऱ्याला. म्हटलं सेट आणून आपणच बदलू.

डावं चाक ४० मिनिटांत झालं. त्या आनंदात मी चहा घेतला, तिथेच नजर लागली बहुतेक. उजव्या बाजूला आतलं पॅड ब्रॅकेटच्या खाचेत शिरतच नाहीये. खालचा कान बसतो, वरचा अडकतो. पॅड उलटसुलट करून पाहिलं. डाव्या बाजूचं काढून ताडून पाहिलं, माप तेच. पिस्टनही (पॅडला मागून ढकलणारा दट्ट्या) डावीकडे सी क्लॅम्पने लोण्यासारखा आत गेला होता, इथे जेमतेम अर्धा गेलाय.

कॅलिपर (पिस्टन ज्यात असतो तो भाग) तारेने स्प्रिंगला बांधून ठेवलाय. बायको वरून विचारतेय, "जेवायला येणार की रिक्षा करून साताऱ्याला जायचं?" काय करू?

---

रंकाळा_रायडर | १२:४८

भावा, दोन हाण की हातोडीनं. बसतंय की नाही बघ.

---

सुटे_पैसे | १२:५१

नारळ फोडला होता का सुरुवातीला?

---

चौथा_गिअर | १२:५३

नारळ नाही, बोट फुटलं.

---

टॉमी_आणि_जॅक | १२:५८

हातोडी अजिबात नको. ठोकून बसवलेलं पॅड नंतर सरकत नाही. ब्रेक सोडला तरी डिस्कला चिकटून राहतं, मग चाक तापतं आणि नवा सेट बघता बघता संपतो. पॅड खाचेत हाताने सरकलं पाहिजे. घट्ट नको, खुळखुळ नको.

आणि आधी एक सांगा, गाडी नुसत्या जॅकवर आहे का? काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवा. जॅक सुटला तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही.

---

चौथा_गिअर | १:०१

जॅकवरच होती. आता चाक सरकवलं. धन्यवाद, खरंच.

---

निवांत_नाना | १:०६

आमच्या पद्मिनीला ही भानगडच नव्हती. चारही चाकांना ड्रम! कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी, कुर्ल्यातलाच मिस्त्री. पावसात हिंदमाताच्या पाण्यातून काढली की ब्रेक नावाचा प्रकारच उरत नसे. मग डावा पाय ब्रेकवर हलकेच ठेवून, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर देत लायनर वाळवायचे. दादर टीटी येईपर्यंत गाडी कुठेतरी थांबेल अशी आशा वाटू लागायची. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही बंद झाल्या, तेव्हा हिने मला विचारलं, डोळ्यांत काय गेलं?

---

सुटे_पैसे | १:०९

नाना, धाग्याचा ब्रेक फेल झाला.

---

रत्नांग्री | १:१५

चौथा गिअर, ब्रॅकेटच्या खाचेत स्टीलची पातळ क्लिप असते. ती काढा आणि खाली बघा. गंजाचा थर सापडला नाही तर मी नाव बदलतो.

आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे हा रोग घरोघरी आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. क्लिपखाली गंज फुगला की क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते. नवं पॅड बरोबर मापाचं असतं, खाचच आक्रसलेली असते. वरून दिसत नाही, कारण क्लिप छान चकचकीत असते.

क्लिप पेचकसाने हळूच काढा, वाकवू नका. वायर ब्रशने घासा, नंतर कानस. फक्त गंज काढायचा, खालचं लोखंड खायचं नाही. आणि ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये काय काय असायचं देव जाणे. ओल्या फडक्याने पुसा.

---

रंकाळा_रायडर | १:१८

त्यापेक्षा पॅडच्या कानालाच कानस मारायची. कानाला कानस, विषय संपला.

---

टॉमी_आणि_जॅक | १:२२

विषय तिथेच सुरू होतो. दोष खाचेत आणि शिक्षा पॅडला? हां, कधी कधी बाहेरच्या कंपनीच्या पॅडवर रंगाचा थर जाड असतो, तेव्हा कानावरचा रंग तेवढा खरवडायला हरकत नाही. पण हेच पॅड डावीकडे बसलं असेल तर रंगाचा दोष कसा?

सांगलीत वडिलांचं गॅरेज होतं. कुणी पॅड घासताना दिसला की त्याच कानशीने त्याच्या पाठीत एक बसायची.

---

न्यूजर्सीचा_बाळ्या | १:३०

रत्नांग्रींना +१. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तुमच्या कोकणाची शाखा समजा. मी दर वेळी क्लिप नव्या घालतो, पॅडच्या पाकिटात बहुतेकदा असतातच.

मजुरी परवडत नाही म्हणून इथे अर्धी आळी गाडीखाली असते. पार्ट्सच्या दुकानात अनामत ठेवून हत्यारं उसनी मिळतात, परत केली की पैसे परत. माझा पहिला प्रताप मात्र ऐका. मागेही डिस्क असलेली गाडी. पुढचे पॅड झाले, म्हणून मागे तोच सी क्लॅम्प लावला आणि पिळत बसलो. पिस्टन हलेना. मी आणखी पिळला. मग 'कट्' असा आवाज आला. त्या पिस्टनच्या पोटात हँडब्रेकचे आटे असतात, तो दाबत दाबत *फिरवून* आत न्यायचा असतो, हे मला नवा कॅलिपर विकत घेताना दुकानदाराने सांगितलं. हसत सांगितलं.

चौथा गिअर यांचा पुढचा आहे, तो सरळच जातो. पण ज्यांना मागे डिस्क आहे त्यांनी लक्षात ठेवा. आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी गाडीला सर्व्हिस मोडमध्ये घालावं लागतं, नाहीतर मोटर तुटते.

---

चौथा_गिअर | २:१०

रत्नांग्री, तुमचं नाव शाबूत! क्लिपखाली अक्षरशः खपली होती, चिक्कीच्या पातळ वडीएवढी. वायर ब्रश नव्हता, शेजारच्या वेल्डिंगवाल्या काकांकडून आणला. घासलं, कानस दोन-चार हात फिरवली, नवी क्लिप बसवली (पाकिटात होत्या, मी 'एक्स्ट्रा' समजून बाजूला ठेवल्या होत्या 🙈). पॅड बोटाने सर्रकन आत गेलं. एवढा आनंद बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

पण पिस्टन अजून अर्धाच. क्लॅम्प पिळला की मिलिमीटरभर जातो आणि थांबतो. त्यामुळे कॅलिपर नव्या पॅडवर चढत नाही. आता हातोडी?

---

रंकाळा_रायडर | २:१२

मी पहिल्यापासनं सांगतोय.

---

देवगडचो_हापूस | २:१४

अरे बाबा, गाडी रवांदे, आदी जेवून घे.

---

कावेरी_नाशिक | २:२५

थांबा, क्लॅम्प आणखी पिळू नका. पिस्टन मागे न जाण्याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात आणि ओळखायला दोन मिनिटं लागतात.

(ब्रेकच्या सुट्या भागांच्या तपासणीत नऊ वर्षं काढली आहेत, म्हणून आगाऊपणा करते.)

कॅलिपरच्या मागे ब्लीडिंगचं छोटं निपल असतं, ज्यातून हवा काढतात. त्यावर बसणारी पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीत थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. आता क्लॅम्पने हलका दाब ठेवून निपल पाव फेरा ढिलं करा.

पिस्टन तरीही अडला, तर तो स्वतः जाम आहे. बूट फाटून पाणी गेलं असेल, गंज धरला असेल. पण निपल सोडताच सहज आत गेला तर पिस्टन निर्दोष आहे. तेल मागे परतायची वाट कुठेतरी बंद आहे, आणि बहुतेकदा ती वाट म्हणजे चाकाजवळचा रबरी होज. तो आतून फुगतो किंवा आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं लोंबतं. तुम्ही पायाने जोर लावता तेव्हा तेल पुढे ढकललं जातं, पण परत येताना कुणी जोर लावत नाही, म्हणून ते अडकतं. बाहेरून होज अगदी ठणठणीत दिसतो.

पिस्टन मागे येतो कसा हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्प्रिंग वगैरे काही नसते. पिस्टनभोवती चौकोनी काठाची रबरी सील असते. पिस्टन पुढे जाताना ती पिळवटते आणि दाब गेला की आपल्या जागी येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पण होजमध्ये दाब अडकला तर सील बिचारी काय करणार?

निपल बंद करा आणि *मगच* क्लॅम्प सोडा, नाहीतर हवा आत शिरेल. काढलेले जुने पॅड टाकले नसतील तर उजव्या-डाव्याची जाडी बघून सांगा.

---

निवांत_नाना | २:२९

कावेरीताई, नमस्कार घ्या. चाळीस वर्षं गाडी चालवली, मला वाटायचं आत स्प्रिंगच असते.

---

स्टेपनी | २:३३

मी वेगळं मत मांडतो. हौस ठीक आहे, पण ब्रेकला का हात घालता? काच पुसा, वायपर बदला, एअर फिल्टर झटका. तुमच्या हौसेची किंमत खंबाटकीच्या उतारावर पुढचा गाडीवाला मोजणार. ब्रेक हे काम गॅरेजचंच.

---

टॉमी_आणि_जॅक | २:४०

स्टेपनी, अर्धं मान्य. पण गॅरेजात काय होतं तेही पाहिलंय. दिवसाला वीस गाड्या, पोरगं पेचकस घालून पिस्टन ढकलतं, क्लिपखाली कोण बघतंय? स्लाइड पिनला (ज्यांवर कॅलिपर सरकतो) ग्रीसच्या डब्यातलं काळं ग्रीस फासतात. ते खनिज तेलाचं, ब्रेकचं रबर त्याने फुगतं. पिनला सिलिकॉनचं ग्रीस लागतं. रॉकेल-पेट्रोलने धुणारेही आहेत, त्यानेही सीलची वाट लागते. घरी करणारा माणूस चार तास लावतो, पण निदान बघतो तरी.

---

स्टेपनी | २:४४

बघतो, पण कळतं का? क्लिप 'एक्स्ट्रा' समजून बाजूला ठेवली होती त्यांनी.

---

सुटे_पैसे | २:४५

🍿

---

चौथा_गिअर | ३:५०

स्टेपनी, वर्मावर बोट ठेवलंत. ते फुटलेलंच बोट आहे.

अहवाल: नळी म्हणून मुलाच्या फिश टँकची हवेची नळी वापरली (मासे सुखरूप, पंप तात्पुरता बंद). निपल गंजलं होतं, आठ नंबरच्या रिंग पान्याने सावकाश सोडलं. पाव फेरा फिरवतोय तोच तेलाची छोटी पिचकारी आली आणि पिस्टन असा गेला आत, की क्लॅम्प माझ्या हातातून सुटून खाली पडला. म्हणजे होज?

जुने पॅड: डाव्या बाजूला साधारण ४ मिमी शिल्लक. उजवं बाहेरचं ३, आतलं जेमतेम १, एका कोपऱ्यात धातूच दिसतोय. हे आधी पाहायला हवं होतं. आणखी एक आठवलं. महिन्यापूर्वी लोणावळ्याहून आलो तेव्हा उजव्या पुढच्या चाकापाशी करपल्यासारखा वास येत होता. आम्ही समजलो ट्रकचा असेल.

---

कावेरी_नाशिक | ४:०२

झालं, साक्षीपुरावा पूर्ण. उजव्या बाजूचा ब्रेक सुटतच नव्हता. आतलं पॅड जास्त झिजलं ते तुमच्या गंजलेल्या खाचेमुळे, म्हणजे दोन्ही रोग एकाच चाकाला.

एक सावधगिरी: डावं सहज गेलं म्हणून मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलतो तो) ठीक असं लगेच म्हणू नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत बहुधा ब्रेकची दोन सर्किटं तिरकी असतात, पुढचं उजवं आणि मागचं डावं एकत्र. होजच्या वरच्या टोकाला लोखंडी पाइपचा नट ढिला करून बघावं लागेल. तिथे सोडल्यावरही पिस्टन मागे जात नसेल तर दोष होजचाच. तो नट मऊ असतो, साध्या पान्याने कडा जातात, त्यासाठी वेगळा पाना मिळतो. हे मिस्त्रींना करू द्या, नंतर हवाही काढावी लागेल.

आणि उद्या या गाडीने घाटात जाऊ नका. चिकटलेला ब्रेक तापतो, ती उष्णता तेलात उतरते. नवं डॉट ३ तेल २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण ते हवेतली वाफ शोषतं आणि ओलं झालं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० आणि १५५. तेल उकळलं की त्यात बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात आणि पेडल खाली टेकतं. तुमच्या बाटलीतल्या तेलाचा रंग काय आहे?

---

चौथा_गिअर | ४:०५

उसाच्या काकवीसारखा.

---

रत्नांग्री | ४:०६

मग एसटीने जा.

---

रंकाळा_रायडर | ४:१०

हातोडी मागे घेतो. एसटी बेस्ट. स्वारगेटवरनं साताऱ्याला गाड्याच गाड्या.

---

न्यूजर्सीचा_बाळ्या | ४:३१

बोनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. दोन्ही पिस्टन मागे ढकलले की पातळी वर येते आणि भरून वाहू शकते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उकलतो. आणि गाडी पार्किंगमधल्या पार्किंगमध्ये हलवण्याआधीही पेडल आठ-दहा वेळा दाबा! पिस्टन मागे गेलेले असतात, पहिला ब्रेक सरळ फरशीला टेकतो. माझा भाऊ असाच गॅरेजच्या शटरात घुसला.

---

निवांत_नाना | ४:३८

मी गणपतीच्या मंडपात. पण ते नंतर कधीतरी.

---

चौथा_गिअर | बुधवार, रात्री ९:२०

साखरपुडा झाला. एसटीने गेलो. बायकोने सगळ्या नातेवाइकांना फिश टँकची नळी सांगितली. मावशी म्हणाली, हा लहानपणी घड्याळ उघडायचा, तेही बंदच राहिलं.

काल मिस्त्री घरी आले. आधी "तुम्हीच उघडलंत?" असं विचारून पाच मिनिटं नुसते पाहत राहिले. वरचा नट सोडून बघितला, दोष होजमध्येच. जुना होज मी मागून घेतला आणि कटरने उभा चिरला. आतली वाट सुईच्या नेढ्याएवढी राहिली होती. फोटो टाकलाय. त्यांनी दोन्ही बाजूंचे होज बदलले, सगळं तेल बदललं, हवा काढली. पैसे दोन पॅड बदलण्याच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त झाले, आकडा घरी सांगितलेला नाही.

मिस्त्री जाताना म्हणाले, "क्लिपचं काम मात्र नीट केलंय." हे मी रत्नांग्रींना अर्पण करतो.

---

स्टेपनी | बुधवार, ९:४१

छान. पण मुद्दा राहिलाच. मंगळवारी गॅरेजात दिली असती तर होज तिथेही सापडला असता.

---

टॉमी_आणि_जॅक | बुधवार, ९:४४

नसता सापडला. पोराने पेचकसाने जोर लावून पिस्टन ढकलला असता, हळूहळू जातोच तो. पॅड ठोकून बसवलं असतं, आणि महिन्याने पुन्हा 'चींsss'.

---

स्टेपनी | बुधवार, ९:४६

तुमच्या वडिलांच्या गॅरेजातही?

---

टॉमी_आणि_जॅक | बुधवार, ९:५५

तिथे नाही. म्हणून तर ते चाललं नाही फार.

---

कावेरी_नाशिक | बुधवार, १०:१०

नवे पॅड आहेत, पहिले दोनेकशे किमी करकचून ब्रेक लावू नका. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वेग कमी करा, मधे थंड होऊ द्या, असं काही वेळा. आणि एकदा पंधरा-वीस किमी चालवून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघा (टेकवू नका). उजवं अजूनही जास्त गरम लागलं तर स्लाइड पिन काढून बघायच्या. दोन्ही पिना सारख्या दिसल्या तरी बऱ्याच गाड्यांत वेगळ्या असतात, वर-खाली अदलाबदल झालीय का तेही.

---

चौथा_गिअर | बुधवार, १०:१३

पिना! मी दोन्ही काढून एकाच वाटीत ठेवल्या होत्या. उद्या सकाळी बघतो.

---

सुटे_पैसे | बुधवार, १०:१४

वाटी घरातली होती का?

---

चौथा_गिअर | बुधवार, १०:१५

कोशिंबिरीची. हळू बोला.

---

नवीन_सभासद_घाटकोपर | शनिवार, सकाळी ८:०५

सगळा धागा वाचला. माझ्या गाडीचा मागचा ड्रमच निघत नाहीये. मधला नट काढला, हँडब्रेक सोडलेला आहे. तासभर झाला.

---

टॉमी_आणि_जॅक | शनिवार, ८:२०

ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन रिकामी भोकं दिसतायत का? त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट घाला आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम स्वतःच बाहेर येईल. एकच बोल्ट पूर्ण आवळू नका. तरी अडला तर लायनर ड्रमच्या कडेत रुतलेत, मागच्या बाजूने अ‍ॅडजस्टर सैल करावा लागेल.

---

रंकाळा_रायडर | शनिवार, ८:२२

मी काहीच बोललेलो नाही.

---

नवीन_सभासद_घाटकोपर | शनिवार, ८:५७

निघाला!! बोल्ट समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाले. आत व्हील सिलिंडरपाशी सगळं ओलं दिसतंय, हे काय?

---

कावेरी_नाशिक | शनिवार, ९:०१

गाडी हलवू नका. फोटो टाका.